कल्याणप्पाच्या मोटेचा आकडा

तामलवाडीच्या लोहारसाळेत घण बाईनं मारायचा आणि सांडशी बाप्यानं धरायची, हा नेम कुणी घालून दिला कुणास ठाऊक. घण सात-आठ शेरांचा, सांडशी कशीबशी अर्धा शेर. म्हणजे घाम बाईचा आणि नाव बाप्याचं. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर कस्तुराबाईलाही वाटत नव्हतं. बावीस वर्षं ती ऐरणीच्या अलीकडे उभी होती आणि तिचा नवरा दगडोबा पलीकडे बसलेला होता. लाल लोखंड सांडशीत धरून तो हातोडीनं टिचकी मारायचा, ती तिथंच घण घालायची. निम्मा संसार त्यांनी या टिचक्यांवरच केला. घरात भांडण झालेलं असलं की टिचकी जरा जोरात पडायची आणि घणही जरा जोरातच यायचा. त्या दिवशी फाळ लवकर उरकायचे, आणि लोक म्हणायचे, आज दगडोबाच्या हाताला काय गुण आलाय!

दुसऱ्या महायुद्धाच्या, गावाच्या भाषेत लढाईच्या, पाचव्या वर्षी, पौषात, दगडोबाच्या डाव्या, सांडशीच्या मनगटावर बैलगाडी आली. त्यात लढाईचा काही दोष नव्हता. चाक काढून गाडी टेकूवर उभी केली होती, टेकू सरकला आणि गाडी बसली. हाडं बसवणारी तुळजाबाई आली, तिनं कळकाच्या कामट्या लावून हात करकचून बांधला आणि बजावलं, "दोन म्हैनं सांडशीला शिवायचं न्हाय. शिवलास तर फिरून माझ्या दारात येऊ नगंस."

दोन महिने लोहारसाळ बंद म्हणजे गाव अडलं. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं होतं. भावकीतला माणूस बोलवायचा. दगडोबाचा पुतण्या गोरोबा तिकडं वाशीला होता. तिघं भाऊ एका भात्यावर जगत होते, त्यामुळं बोलावणं गेलं असतं तर गोरोबा बायको-पोरांसकट दुसऱ्या दिवशी निघाला असता. कस्तुराबाईला धास्ती होती ती त्याचीच. गोरोबा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला नाही म्हणता आलं असतं. पण तो शांत, कामसू, चार लेकरांचा बाप. दोन महिन्यांत गावाला त्याची सवय लागली असती, आणि मग त्याला आता परत जा म्हणून सांगणार कोण? दगडोबाला मुलगा नव्हता. एकुलती लेक लोहारा गावी दिलेली. सांडशी एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की मागून घेता येत नाही. आणि घण? घण गोरोबाची बायको मारणार. मग कस्तुराबाईनं काय करायचं, सगळ्यांच्या भाकऱ्या थापत बसायचं? तिला भाकऱ्यांचा राग नव्हता, पण ऐरणीपुढची ती हातभर जागा तिला सोडायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी कल्याणप्पा आला. लिंगायत वाणी समाजातला बागाईतदार, धिप्पाड, तिशी-पस्तिशीचा, आणि आवाज असा की हळू बोलला तरी शेजारच्या आळीला कळावं. त्याच्या हातात मोटेचा जुना आकडा होता. ज्या आकड्यानं पाण्याची मोट नाड्याला, म्हणजे बैल ओढतात त्या जाड दोराला, अडकवतात तो. घासून घासून त्याची बाकावरची जाडी करंगळीएवढी राहिली होती.

"मामा, हे आता जाईल का मग जाईल असं झालंय," तो म्हणाला. "ऊस वाळायलाय. परवापस्तोर नवा पायजे."

दगडोबानं बांधलेला हात वर करून दाखवला. "कल्याणप्पा, तू बघतोयसच. गोरोबाला सांगावा धाडतो. चार दिस थांब."

"चार दिस ऊस थांबतोय का?"

"म्या करते," कस्तुराबाई म्हणाली.

ती हे बोलली तेव्हा चुलीपुढं लसूण सोलत होती. दोघांनाही आधी कळेना की कोण बोललं. मग कल्याणप्पा गडगडून हसला.

"मामी, तुमी सांडशी धरल्यावर घण कोण मारंल?"

"ऊस कुणाचा वाळतोय?" कस्तुराबाईनं विचारलं.

कल्याणप्पाचं हसू तिथंच विरलं. त्यानं दगडोबाकडं पाहिलं, दगडोबानं आढ्याकडं पाहिलं. नवरा नाही म्हणत नाही म्हणजे हो म्हणतो, हे बावीस वर्षांत ती शिकली होती. ती उठली आणि विस्तव पेटवायला गेली.

लोखंडाची तेव्हा मारामार होती. सोलापूर जवळ, पण ते इंग्रजाचं, मध्ये निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, आणि नाक्यापलीकडंही सगळं लोखंड लढाईनं गिळलेलं. एरवी दगडोबा सळया आणायचा. आता सळई स्वप्नातही दिसत नव्हती. घरात होता तो एक जाड पाटा, दीड हात लांब, वीतभर रुंद, तुळजापूरच्या बाजारात भंगारवाल्याकडून घेतलेला. कुठल्या यंत्राचा होता देव जाणे. त्यातून दगडोबाला चैतात दोन-तीन फाळ काढायचे होते.

"लांबीतनं कापू?" कस्तुराबाईनं छिन्नी टेकवून विचारलं.

"येडी का खुळी? आख्खा पाटा चिरत बसशील, अन् फाळाला उरंल काय? टोकाकडनं कापून घे. दोन बोटं रुंद पट्टी. वीतभर मिळतीया, आकड्याला तेवढी बास."

बोलणं बरोबर होतं. कमी कापायचं, कमी वाया जायचं. तिनं टोकाकडून आडवी पट्टी कापून घेतली.

पुढचा सोहळा बघायला निम्मी आळी जमली. दगडोबा एका हातानं भाता ओढत होता. त्यानं हे काम लग्नाआधी, बापाच्या हाताखाली केलं होतं, आणि आता त्याला ते पुन्हा करताना पाहून म्हातारी माणसं खूश झाली होती. कस्तुराबाई सांडशी धरून बसली. आणि कल्याणप्पा धोतर वर खोचून घण घेऊन उभा. पहिला घण ऐरणीच्या कडेवर, दुसरा जमिनीवर. तिसऱ्याला कस्तुराबाईनं लोखंडच सरकवून घणाखाली आणलं, तेव्हा लोकांनी आरोळी ठोकली. कल्याणप्पाला चेव चढला. घामानं भिजला, गळ्यातलं लिंग पाठीवर टाकलं, आणि दुपारपर्यंत त्या पट्टीला बाक आला, शेंड्याला निमुळतेपणा आला, मागं नाडा ओवायचा डोळा पडला. आकडा दिसायला देखणा झाला. इतका, की कस्तुराबाईनं तो पाण्यातून काढल्यावर पदरानं पुसला. लोखंडाला कुणी पदरानं पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्याच मोटेला तो मोडला.

भरलेली मोट विहिरीत अर्ध्यावर आली होती. बैल धावेवर, विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवर, मान घालून ओढत होते आणि मोट हाकणारा बिराप्पा नाड्यावर बसला होता, नेहमीसारखा गाणं म्हणत. कट्ट असा आवाज आला. मोट धबाल्दिशी पाण्यात गेली, बैल ओढ सुटल्यामुळं गुडघ्यांवर आले, आणि बिराप्पा पाठीवर पडला. कुणाला लागलं नाही. बैल उठले, बिराप्पा उठला आणि त्यानं धोतर झटकलं. पण गाणं अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. गळ टाकून मोट काढायला दुपार झाली.

तोवर बातमी वेशीपर्यंत जाऊन परत आली होती. लोकांना काय, बोलायला विषय लागतो. बाईनं सांडशी धरल्यावर दुसरं काय व्हायचं, म्हणाले. बैलं वाचली हे नशीब, म्हणाले. कस्तुराबाई दारात उभी राहून हे ऐकत होती, आणि दगडोबा आत बाजेवर बसून ऐकत होता. पट्टी कशी कापायची ते त्यानं सांगितलं होतं. एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. तो बोलला नाही. उलट संध्याकाळी वाशीच्या बाजूला जाणारा गाडीवान भेटला, त्याच्याजवळ त्यानं गोरोबाला निरोप दिला. कस्तुराबाईला मोडलेल्या आकड्यापेक्षा ते जास्त लागलं. रागावला असता तरी चाललं असतं. रागाला उत्तर देता येतं, गप्प बसण्याला काय उत्तर देणार?

सकाळी गाव कामाला गेल्यावर ती मोडलेले दोन तुकडे घेऊन अंगणात बसली. एका बाजूला तिनं कल्याणप्पाचा जुना, घासलेला आकडा ठेवला. त्याच्या बाकावर पोपडे गेले होते आणि आतून बारीक रेघा दिसत होत्या. दोऱ्यासारख्या लांब, आणि बाकाबरोबर वळलेल्या. नव्याचा मोडलेला भाग तिनं उन्हात धरला. तिथंही रेघा होत्या. पण त्या बाकाबरोबर जात नव्हत्या, बाकाला आरपार छेदून जात होत्या, आणि लोखंड नेमकं त्या रेघांमधून फाटलं होतं. लाकूड चिरतं तसं, शिरेनं.

तिचे हात काहीतरी आठवत होते. बावीस वर्षं तिनं घणाखाली लोखंड लांब होताना पाहिलं होतं. एका अंगानं मारत गेलं की ते त्याच अंगानं पसरतं, लांबतं, आणि जसं लांबतं तसं चिवट होत जातं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या खांद्यांना ते ठाऊक होतं. पण चिवट कुठल्या अंगानं? हा सवाल सळईनं कधी पडू दिला नव्हता. सळई उभी कापा नाहीतर वाकवा, तिची लांबी म्हणजेच तिची ओढ. पाट्याचं तसं नाही. पाट्याला लांबी असते तशी रुंदीही असते, आणि तो कुठल्या अंगानं ओढलाय हे वरून कळत नाही.

"अवो," तिनं आत हाक मारली. "पाटा कसा करत असतील?"

दगडोबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. "यंत्रात घालून वढत असतील. लाटत असतील. मला काय म्हाईत?"

"एकाच अंगानं का दोन्ही?"

"एकाच. भाकरी हाय का ती, फिरवून फिरवून थापायला?" असं म्हणून तो थांबला. मग बाजेवर उठून बसला. लोहाराचं डोकं उशिरा चाललं तरी चालायला लागल्यावर थांबत नाही. "आण छिन्नी," तो म्हणाला.

तिनं पाट्यातून बोटभराच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या, एक लांबीच्या अंगानं, एक रुंदीच्या. जाडी एकच, विस्तवाला दोन्ही दाखवल्या नाहीत. रुंदीची पट्टी तिनं ऐरणीच्या भोकात उभी घातली आणि हातोडीनं ठोकली. दुसऱ्याच ठोक्याला ती कट्ट करून तुटली आणि तुकडा उडून कोंबडीजवळ पडला. मग लांबीची घातली. ती वाकली. आणखी ठोकली, आणखी वाकली. पार दुमडून स्वतःला टेकली, तरी तुटली नाही.

"परत कर," दगडोबा म्हणाला. तिनं परत दोन पट्ट्या केल्या. परत तेच. तिसऱ्यांदा दगडोबानं धड हातानं स्वतः ठोकलं, कारण त्याला स्वतःच्या हातानं पाहायचं होतं. फाळांच्या लोखंडाची नासाडी होत होती आणि त्याची कुणालाच फिकीर नव्हती. पन्नाशीचा माणूस आणि चाळिशीची बाई, पोरांसारखी पट्ट्या मोडत बसली होती आणि हसत होती. असं त्यांचं हसणं त्या घरानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

पण घण मारायला माणूस हवा होता, आणि कल्याणप्पा दोन दिवस वाट पाहूनही फिरकला नाही. गोरोबा येऊ दे मग बघू, असं त्यानं बिराप्पाकडून सांगितलं होतं. म्हणून कस्तुराबाई दोन पट्ट्या पदराला बांधून त्याच्या घरी गेली. कल्याणप्पा मळ्यात होता, हे तिच्या पथ्यावर पडलं. घरात त्याची आई शिवम्मा होती, साठीची, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, सुनांना आणि मुलाला एकाच आवाजात वळणावर ठेवणारी.

"अव्वा, जरा बगा," असं म्हणून कस्तुराबाईनं उंबऱ्याच्या दगडी फटीत पट्ट्या घालून तिच्यापुढं ठोकल्या. एक तुटली, एक वाकली. ती समजावून सांगायला लागली तर शिवम्मानं हात वर केला.

"कळ्ळं. धोतर फाडायला म्या काय नवीन हाय? धाग्याच्या अंगानं टरकन् जातंय, दुसऱ्या अंगानं दात लावावं लागतात. तुमी आडवं कापलं व्हतं."

"व्हय."

"मग आता उभं कापा. येवढं सोपं हाय तर रडतंय कोण?" आणि मुलगा मळ्यातून येताच त्याला पाणीही पिऊ न देता ती म्हणाली, "नडी. चल, लोहाराकडं नडी." कल्याणप्पा काही बोलायला गेला, पण घरात कानडी सुरू झाली की वाद संपला, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

या खेपेला बघायला कुणी आलं नाही, आणि ते बरंच झालं. कस्तुराबाईनं लांबीच्या अंगानं तुकडा कापला, पण आखूड, जेमतेम चार बोटांचा आणि जाडजूड. फाळांचंही लोखंड राहायला हवं होतं. बाकीची लांबी तिनं घणातून काढायची ठरवलं. लाल करायचं, ओढायचं, पुन्हा लाल करायचं, पुन्हा ओढायचं.

"एकाच अंगानं मारा अप्पा," ती म्हणाली. "जेवढं लांबंल तेवढं त्याचं धागं लांब व्हतील."

"मामी, माझं हात लांब व्हायला लागले."

"ते बी चिवट व्हतील."

दगडोबा भाता ओढता ओढता हसला. चार बोटांचा तुकडा सव्वा वीत झाला. मग तिनं तो वाकवला, हळूहळू, घाई न करता, म्हणजे आतले धागे बाकाबरोबर वळावेत. डोळाही तिनं भोक पाडून केला नाही. टोक निमुळतं ओढलं, गोल फिरवलं आणि परत दांड्यावर आणून लाल-पांढऱ्या विस्तवात जोडून टाकलं. आकडा पहिल्याइतका देखणा झाला नाही. घणाचे वळ त्यावर दिसत होते, आणि एका ठिकाणी कल्याणप्पाचा नेम चुकल्याची खूण होती. तिनं तो पदरानं पुसला नाही.

नेमका त्याच वेळी गोरोबा आला. खांद्यावर गाठोडं, गाठोड्यात स्वतःची सांडशी आणि हातोडी. एकटाच आला होता, बायको-पोरं मागून येणार होती. त्यानं काका-काकींच्या पाया पडून पाणी घेतलं आणि ऐरणीवरच्या आकड्याकडं पाहिलं. मग कुणी काही विचारायच्या आत आकडा उचलला, उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "चला, लावून बघू."

विहिरीवर गाव जमलं. मोडलेलं बघायला माणसं येतात, मोडायचं बघायला त्याहून जास्त येतात. बिराप्पा नाड्यावर बसायला तयार होईना, तो शेजारून चालत राहिला. पहिली मोट वर आली. विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी पडलं. दुसरी आली. तिसरी वर येताना कस्तुराबाईच्या तळहातांना घाम फुटला. विस्तवापुढंही त्यांना तसा घाम कधी फुटला नव्हता. तिसरी आली आणि रिकामी होऊन खाली गेली. दहावीनंतर बिराप्पा नाड्यावर बसला. विसावीनंतर त्याला गाणं सुचलं. पाटातून पाणी उसापर्यंत पोचलं तरी लोक उभेच होते, कारण आता काही मोडत नाही हे पाहण्यातही गंमत असते हे त्यांना नव्यानं कळलं होतं.

गोरोबानं मोट थांबवून आकडा पुन्हा हातात घेतला, बाकावरून अंगठा फिरवला. "काका," त्यानं विचारलं, "ह्यो कुणी केला?"

सगळे दगडोबाकडं बघायला लागले. कस्तुराबाई पाटातल्या पाण्याकडं बघत होती. आता 'आमी' म्हणाला तरी पुरे, असं तिला वाटलं. तेवढ्यावर ती आयुष्य काढायला तयार होती.

दगडोबानं बायकोकडं बोट केलं. "ह्यो हिनं केला. म्या भाता वढला. अन् पयला मोडला ना, तो आडवा कापायला म्या सांगितलं व्हतं. ही उभा कापू म्हणत व्हती, म्या येडी म्हणलं." मग जमलेल्या लोकांकडं वळून तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "तवा ज्याला कुणाला बोलायचं आसंल त्यानं मला बोलावं. चार दिस उशीर झाला सांगायला, त्याबद्दल बी मलाच बोलावं."

कल्याणप्पानं आपल्या त्या आवाजात सांगितलं की घण त्यानं मारला होता, हे कुणी विसरू नये.

गोरोबा दोन दिवस राहिला. त्याच्याही मनात आशा होती, आणि ती गेली याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं ते लपवलं नाही. पण कारागीर माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं काकीकडून पट्ट्यांची परीक्षा समजून घेतली, चार वेळा स्वतः करून पाहिली, आणि जाताना म्हणाला, "आमच्याकडं बी एक पाटा पडलाय. घरी गेल्या गेल्या बघतो." कस्तुराबाईनं त्याला शेंगाची चटणी आणि आठ भाकऱ्या बांधून दिल्या. भाकऱ्या थापताना तिला काहीच वाटलं नाही.

गावाला सवय लागायला महिना पुरला. फाळ आले, खुरपी आली, गाड्यांची चाकं आसावर धरणाऱ्या कुण्या आल्या. घण कधी कल्याणप्पाचा गडी मारायचा, कधी ज्याचं काम असेल तो. लोक आधी 'दगडोबाकडं जातो' म्हणायचे, मग 'लोहाराकडं', आणि शिमग्याच्या सुमाराला एक-दोघं 'कस्तुरामामीकडं' म्हणायला लागले. दगडोबानं ते ऐकलं आणि भाता जरा जोरात ओढला, एवढंच.

शिमगा झाल्यावर तुळजाबाईनं कामट्या सोडल्या. हाड चांगलं धरलं होतं. दगडोबा सकाळी लवकर उठून आपल्या जागेवर जाऊन बसला, सांडशीत लाल फाळ धरला आणि ऐरणीवर फिरवायला गेला. मनगट फिरेना. पकड होती, जोर होता, पण मूठ उताणी होत नव्हती. त्यानं तीनदा पाहिलं. फाळ थंड झाला. कस्तुराबाई घण घेऊन समोर उभी होती. तिला त्याच्या तोंडाकडं बघवेना. दोन महिन्यांत तिनं जे मिळवलं होतं ते त्या क्षणी सगळं परत देऊन टाकायला ती तयार झाली असती.

दगडोबा उठला. ऐरणीला वळसा घालून तिच्या बाजूला आला. सांडशी तिच्या हातात दिली आणि तिच्या हातातला घण काढून घेतला. "उचलाया काय बी तरास न्हाय," तो म्हणाला. "बस तू तिकडं. कुठं हाणू ते दाव."

ती बसली. फाळ पुन्हा लाल करून तिनं ऐरणीवर धरला आणि त्यानं घण घातला. दहा घावांत त्याच्या कपाळावर घाम आला, पंधराव्याला धाप लागली. विसाव्याला त्यानं घण जमिनीवर टेकवला, दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो वाकला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"कस्तुरे," त्यानं विचारलं, "दमत व्हतीस का गं?"

"आता कशाला इचारता," ती म्हणाली. "आता तुमी दमलाय. टेका जरा." आणि तिनं फाळ परत विस्तवात घातला.